एका शब्दाचे ओझे

इंग्रज हा देश सोडून गेले त्याला पाऊणशे वर्षांवर काळ लोटला. पण जाताना ते आपले पुष्कळसे शब्द इथेच ठेवून गेले. त्यांतले कित्येक आता आपल्या घरांत असे रुळले आहेत की, ते मूळचे पाहुणे, हे सांगूनही कोणाला पटायचे नाही. ‘टेबल’, ‘कप’, ‘बस’ ही त्यांतली सरळमार्गी मंडळी. एक शब्द, एक वस्तू. पुढे भानगड नाही. काही शब्द मात्र बहुरूपी असतात. सकाळी एक सोंग, दुपारी दुसरे, रात्री तिसरे. अशा बहुरूप्यांपैकी माझ्या विशेष ओळखीचा म्हणजे ‘चार्ज’.

कोणत्याही मध्यमवर्गीय घरात सकाळचा एक तास नुसते कान उघडे ठेवून बसा. चिरंजीव ओरडतात, “आई, माझा मोबाईल चार्जला लावला होता, तो कोणी काढला?” वडील डब्याची वाट पाहत म्हणतात, “आज लवकर निघायला हवं. नवे साहेब चार्ज घेणार आहेत.” आईच्या हाती विजेचे बिल. “वापर एवढासा, आणि चार्जेस बघा केवढे!” आजोबा वर्तमानपत्रातून तोंड बाहेर न काढता एका ठिकाणचा लाठीचार्ज आणि दुसऱ्या ठिकाणचे चार्जशीट वाचून दाखवतात. इतक्यात फोन येतो, की मावशींना आज दवाखान्यातून डिस्चार्ज मिळणार. तासाभरात एकच शब्द सहा वेळा आला, आणि सहाही वेळा निराळ्या अर्थाने. तरी घरात कोणाचाही घोटाळा झाला नाही! मोबाईलला कोणी वकील दिला नाही, की नव्या साहेबांची पिन कोणी भिंतीत खोचली नाही.

मी बत्तीस वर्षे एका कचेरीत इंग्रजी कागदांचे मराठी करण्याचे काम केले. कागदावर हा शब्द दिसला की, मी आधी मागचे-पुढचे वाक्य वाचून घेत असे. कारण कुठे तो ‘कार्यभार’ होई, कुठे ‘आकार’, कुठे ‘आरोप’, कुठे ‘बोजा’, कुठे ‘प्रभार’, तर कुठे ‘हल्ला’. नव्याने लागलेला एक तरुण कारकून वैतागून म्हणे, “भाऊसाहेब, एका शब्दाला इतके अर्थ कशाला हो?” मी त्याला सांगत असे, “अर्थ एकच आहे रे बाबा. बिऱ्हाडं सहा आहेत.”

आता, अर्थांच्या संख्येचेच म्हणाल तर इंग्रजीत याहून मोठे धनिक आहेत. ‘रन’ हे साधे धावण्याचे क्रियापद घ्या. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचे एक संपादक पीटर गिलिव्हर यांनी त्याच्यामागे नऊ महिने घालवले आणि त्याचे ६४५ अर्थ लावून दिले. ही गोष्ट २०११ साली वर्तमानपत्रांतून बरीच गाजली. ‘चार्ज’ची श्रीमंती तेवढी नाही. पण तुमच्या-माझ्या घरात शिरून त्याने जेवढा कारभार चालवला आहे, तेवढा दुसऱ्या कोणी क्वचितच चालवला असेल.

गाडीवरचे ओझे

या शब्दाचे मूळ शोधत गेले की, आपण एका गाडीपाशी येऊन पोहोचतो. प्राचीन काळी आजच्या फ्रान्सच्या भूमीवर गॉल लोक राहत. त्यांच्या गाडीचे नाव रोमन लोकांनी उचलले आणि लॅटिनमध्ये ‘कारुस’ असा शब्द रूढ झाला. त्यावरून पुढे ‘कारिकारे’ हे क्रियापद निघाले. त्याचा अर्थ गाडी लादणे, तीवर ओझे घालणे. फ्रेंचांच्या तोंडी त्याचे ‘शार्जे’ झाले. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, आणि त्यांच्या फ्रेंच भाषेचे जे शब्द पुढे इंग्रजीत मिसळले, त्यांत हाही होता.

म्हणजे ‘चार्ज’ म्हणजे मुळात ओझे. एवढी एक किल्ली हाती ठेवली की, सगळी कुलपे भराभर उघडतात. रस्त्यावरची ‘कार’ त्याच घराण्यातली, वाहून नेणे या अर्थाचे ‘कॅरी’ त्यातलेच, आणि जहाजावरचा ‘कार्गो’ही. गंमत म्हणजे व्यंगचित्राला इंग्रजीत जे ‘कॅरिकेचर’ म्हणतात, तेही याच कुळातले. इटालियन भाषेत त्याचा अर्थ ‘लादलेले’ चित्र. पुढाऱ्याचे नाक आहे त्याहून हातभर लांब काढायचे, म्हणजे त्याच्या चेहऱ्यावर जादा ओझे घालायचे!

गाडीवरचे हे ओझे मग माणसावर आले. काम सोपवले, की चार्ज. पैसे मागितले, की चार्ज. ठपका ठेवला, की चार्ज. कचेरीतला अधिकारी ‘चार्ज देतो’ तेव्हा तो खांद्यावरची गोणी दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवतो. म्हणून तर चार्ज देणाऱ्याचा चेहरा बहुधा घेणाऱ्याच्या चेहऱ्यापेक्षा टवटवीत दिसतो.

इथे इंग्रजीची एक खोड सांगून ठेवतो. इंग्रजी शाळेत मुले असणाऱ्या घरांना ती उपयोगी पडेल. परिचारिका मुलाच्या ‘इन चार्ज ऑफ’ असली, तर मूल तिच्या स्वाधीन. तेच मूल परिचारिकेच्या ‘इन द चार्ज ऑफ’ असते. एवढासा तो ‘द’. पण तो मध्ये आला की, ओझे वाहणारा आणि ओझे यांची अदलाबदल होते. तो ‘द’ विसरून चिरंजीवांनी निबंधात बाळाला परिचारिकेचे साहेब केले, तर मास्तरांनी लाल शाई वापरावी यात नवल नाही.

तोफ, बाटली आणि घोडेस्वार

गाडी लादतात, तशी तोफही लादतात. तोफेत जेवढी दारू ठासायची, तो तिचा ‘चार्ज’. आपल्याकडे त्याला ‘बार’ म्हणतात. बार भरायचा, बार उडवायचा. आणि घरात उपवर कन्या असली तर लग्नाचाही बार उडवायचा. फारसीत ‘बार’ म्हणजे ओझेच. म्हणजे युरोपातल्या तोफखान्यात आणि आपल्या तोफखान्यात एकच कल्पना नांदत होती.

तोफखान्यातून हा शब्द विजेच्या घरी कसा गेला, ही हकीकत मोठी मनोरंजक आहे. १७४५-४६ च्या सुमारास हॉलंडमधल्या लायडन गावाच्या नावाने ओळखली जाणारी एक काचेची बरणी प्रसिद्धीस आली. तीत घर्षणाने निर्माण केलेली वीज साठवता येई, आणि हात लावणाऱ्याला असा झटका बसे की, तो पुन्हा हात लावायला धजत नसे. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन या बरण्यांवर प्रयोग करीत होते. भरलेली बरणी आणि भरलेली तोफ यांतले साम्य उघडच होते. बरणी ‘चार्ज’ करायची, झटका दिला की ती ‘डिस्चार्ज’ होते, ही भाषा त्यांच्या पत्रांतून दिसते. १७४९ साली त्यांनी काचेची अकरा तावदाने एकत्र जोडून वीज साठवली आणि त्या जोडणीला नाव दिले ‘बॅटरी’. हा शब्दही तोफखान्यातलाच. ओळीने मांडलेल्या तोफा म्हणजे बॅटरी! तेव्हा तुमचे चिरंजीव मोबाईलची बॅटरी चार्ज करतात, त्या वेळी त्यांच्या नकळत ते एक छोटीशी तोफ ठासत असतात.

आणखी एक नवलाची गोष्ट. आपण म्हणतो बॅटरीत वीज ‘भरली’. वास्तविक पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीत विद्युत प्रभार रिकाम्या बॅटरीपेक्षा कणभरही जास्त नसतो. एका टोकाने जेवढा आत जातो, तेवढाच दुसऱ्या टोकाने बाहेर पडतो. आत साठते ती रासायनिक रूपातली ऊर्जा. पुन्हा पुन्हा भरता येणारी शिसे-आम्लाची बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ साली केली, आणि मोटारीत तीच जात अजून चालते. शब्द मात्र बरणीच्या काळचाच राहिला.

आता हल्ला. घोडदळ शत्रूवर तुटून पडते त्यालाही चार्जच म्हणतात. भरलेल्या हत्यारावरून हा अर्थ निघाला असावा, असा एक तर्क आहे. या अर्थाचा जगप्रसिद्ध प्रसंग म्हणजे २५ ऑक्टोबर १८५४ रोजी क्रिमियातल्या बालाक्लाव्हा येथे झालेला लाइट ब्रिगेडचा हल्ला. टेनिसनच्या कवितेमुळे तो आपल्याकडच्याही शाळांतून पोहोचला. टेकडीवर उभे असलेले सेनापती लॉर्ड रॅग्लन यांनी हुकूम पाठवला, की शत्रूला तोफा नेऊ देऊ नका. खाली दरीत असलेल्या लॉर्ड लुकन यांना त्या तोफा दिसतच नव्हत्या. हुकूम आणणाऱ्या कॅप्टन नोलन यांनी हात केला तो भलत्याच दिशेला, किंवा लुकनना तसे वाटले. सुमारे ६७० स्वार समोरच्या तोफांच्या तोंडी घुसले. शंभरावर प्राणांस मुकले. नोलनही त्यांत पडले. मग चूक कोणाची, यावर वाद माजला. रॅग्लननी लुकनना दोष दिला आणि १८५५ मध्ये लुकनना परत बोलावण्यात आले. म्हणजे आधी एका अर्थाने चार्ज झाला, आणि मग दुसऱ्या अर्थाचा चार्ज एकमेकांच्या माथी मारण्याची धडपड सुरू झाली!

आपल्या देशात या शब्दाला लाठी येऊन मिळाली. अर्धा देशी, अर्धा विलायती असा ‘लाठीचार्ज’ तयार झाला. ३० ऑक्टोबर १९२८ रोजी लाहोरात सायमन कमिशनविरुद्ध निघालेल्या मिरवणुकीवर तो झाला. लाला लजपतराय त्यात जखमी झाले आणि १७ नोव्हेंबरला त्यांचे निधन झाले. हल्ली वर्तमानपत्रांत ‘सौम्य लाठीचार्ज’ असे वाचायला मिळते. ज्याची पाठ सुजली आहे, त्याला हे विशेषण कितपत पटते, ते त्यालाच विचारावे.

बिलातला आकार, उताऱ्यावरचा बोजा

गृहिणींचा ज्या चार्जशी नित्याचा झगडा, तो पैशाचा. मराठीत त्याला ‘आकार’ असा छान शब्द आहे. महावितरणचे बिल काढून पाहा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार अशी रांगच्या रांग दिसेल. घराला कुलूप लावून महिनाभर गावी गेलात, तरी स्थिर आकार काही चुकत नाही. तारा, खांब आणि यंत्रे तुमच्यासाठी सज्ज ठेवली, त्याबद्दलचे ते देणे. वापराचा हिशेब वेगळा. हे एकदा समजले की, बिल कमी होत नाही. पण निदान आपण कशाचे पैसे देतो ते कळते.

आणि ते कळणे फार महत्त्वाचे. हॉटेलच्या बिलात खाली ‘सर्व्हिस चार्ज’ अशी ओळ असे, आणि पुष्कळ मंडळी तो सरकारी कर समजून मुकाट्याने देत. तो कर नव्हे. हॉटेलांनी तो बिलात आपोआप लावू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढली, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. कर आणि चार्ज या दोन शब्दांतला फरक माहीत नसला की, खिशाला असे भोक पडते.

शेतजमीन ज्यांच्या घरी आहे, त्यांना या शब्दाचे आणखी एक रूप पाहायला मिळते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या शंभराव्या कलमात ‘चार्ज’ येतो. तिथे त्याचा अर्थ देण्यापोटी मिळकतीवर असलेला हक्क. आपला शेतकरी त्याला काय म्हणतो? ‘बोजा’! सातबाराच्या उताऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा बोजा चढतो, आणि कर्ज फिटले की तो उतरवून घ्यावा लागतो. लॅटिनचा गंधही नसलेल्या माणसाने त्या शब्दाचा मूळचा अर्थ अचूक पकडला आहे.

आरोप म्हणजे काय?

इथवर सगळी गंमत झाली. पण या शब्दाचे एक बिऱ्हाड असे आहे, की तिथे अर्थ चुकला तर माणसाचे आयुष्य पणाला लागते. ते म्हणजे चार्जशीट.

पोलिसांचा तपास संपला की, ते आपला अहवाल न्यायालयात सादर करतात. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तो १७३ व्या कलमाखाली होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तीत तो १९३ व्या कलमाखाली आहे. कायद्याच्या भाषेत हा ‘पोलीस अहवाल’. चार्जशीट हे त्याचे रूढ नाव. म्हणजे ते एका पक्षाचे म्हणणे. पुढे न्यायाधीश ते पाहतात. खटला चालवण्याजोगे त्यात काही नसेल, तर माणसाला सोडून देतात. असेल, तर त्याच्यावर कोणता आरोप आहे हे लिहून ठरवतात. वर्तमानपत्रात याचीच बातमी ‘आरोप निश्चित’ अशा मथळ्याने येते. वाचणाऱ्याला वाटते, गुन्हा निश्चित झाला! निश्चित झाला तो प्रश्न. उत्तर अजून यायचेच असते. साक्षी, उलटतपासणी, युक्तिवाद हे सगळे त्यानंतर.

मराठीत चार्जशीटला ‘दोषारोपपत्र’ असेही म्हणतात. कचेरीत हा शब्द लिहिताना माझा हात नेहमी घुटमळे. इंग्रजी शब्दात नुसते ओझे आहे. आपण त्यात आरंभीच ‘दोष’ घालून ठेवला. मात्र ‘आरोप’ हा शब्द स्वतः निर्दोष आहे. रोप लावणे, रोपण करणे यांतलाच तो. आरोप म्हणजे एखाद्या वस्तूवर काही चढवणे, ठेवणे. वेदान्तातला ‘अध्यारोप’ आठवा. अंधारात पडलेल्या दोरीवर आपण सापाचा आरोप करतो. साप दिसतो, छाती धडधडते, घाम फुटतो. पण दिवा आणला की दोरी ती दोरीच. आपल्या पूर्वजांनी शब्दातच सांगून ठेवले आहे की, आरोप झाला म्हणजे साप असेलच, असे नाही. दिवा येईपर्यंत थांबावे.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ एका पतपेढीत रोखपाल होते. तिथे कर्जवाटपात काही गैरव्यवहार झाला आणि चार्जशीटमध्ये पाच नावे आली. पाचवे यांचे. कागदांवर सह्या होत्या, एवढेच निमित्त. बातमी छापून आली. आठ दिवसांत मुलीचे जुळत आलेले लग्न फिसकटले. आधी छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जमलेली पत्रिका एकाएकी जमेनाशी झाली! त्या दिवाळीत त्यांच्याकडे शेजारपाजारहून फराळाची ताटे आली नाहीत. आमच्या सौ.ने नेलेले ताट त्यांच्या पत्नीने घेतले, आणि त्या बराच वेळ दारातच उभ्या राहिल्या.

चार वर्षे गेली. न्यायालयाने कागदपत्र पाहिले आणि आरोप ठेवण्याजोगे काहीच नाही म्हणून यांना खटल्यातून मुक्त केले. कायद्यात याला ‘डिस्चार्ज’ म्हणतात. खटला पूर्ण चालून सुटका झाली तर ती निर्दोष मुक्तता. खटला उभाच राहिला नाही, तर डिस्चार्ज. गृहस्थ पेढ्यांचा पुडा घेऊन आळीत निघाले. एका घरी म्हणाले, “डिस्चार्ज मिळाला.” त्या घरच्या बाई म्हणाल्या, “अगं बाई! कुठल्या हॉस्पिटलात होतात हो?”

गृहस्थ हसले. म्हणाले, “होतो खरा चार वर्षं. पण भेटायला कोणी आलं नाही.”

चार्जशीटची बातमी जिथे छापून आली होती, तिथे डिस्चार्जची बातमी आली नाही. गाडीवर ओझे चढवताना सगळी पेठ गोळा होते. उतरवून घ्यायला हमालसुद्धा मिळत नाही.

भार आणि आभार

तेव्हा माझी वाचकांना एवढीच विनंती आहे. हा शब्द कानी पडला की, मनाशी विचारावे: हे ओझे कोणी घातले? कोणावर घातले? आणि ते त्याचेच आहे, हे ठरले आहे का? हॉटेलचे बिल असो, कचेरीतले पद असो, की शेजाऱ्याचे वर्तमानपत्रात आलेले नाव असो; प्रश्न हेच.

इंग्रजीला हसण्याचेही कारण नाही. आपला ‘भार’ हा शब्द काय कमी बहुरूपी आहे? नव्या साहेबांचा पदभार, बिलावरचा अधिभार, मुख्याध्यापकांच्या गैरहजेरीत शाळा सांभाळणारे प्रभारी, वीज गेली की भारनियमन, आणि शाळेच्या पुस्तकातला धन आणि ऋण प्रभार! संस्कृतातल्या ‘भृ’ या धातूचा हा परिवार. इंग्रजीतली ‘बेअर’ आणि ‘बर्डन’ ही त्याची दूरची भावंडे. जो भार उचलतो तो भर्ता, आणि जिचे भरणपोषण करायचे ती भार्या, असे व्याकरण सांगते. घराघरांतून प्रत्यक्षात कोण कोणाचा भार उचलते, हे व्याकरणकारांनी स्वयंपाकघरात डोकावून पाहिले असते तर कदाचित वेगळे लिहिले असते.

याच परिवारात आणखी एक शब्द आहे. दुसऱ्याने आपल्यासाठी काही केले की मनावर जो भार येतो, तो ‘आभार’. हा मात्र कोणी कोणावर लादत नाही. तो आपण होऊन मानायचा असतो. फराळाचे ताट समोर असताना, फटाक्यांच्या आवाजात, एका शब्दाची एवढी लांबण आपण वाचलीत, त्याबद्दल हा शेवटचा भार मी आनंदाने माझ्या डोक्यावर घेतो. आणि जाता जाता एक सुचवतो. आपल्या आळीत असे एखादे घर असेल, की जिथे यंदा ताट जायचे राहिले आहे, तर भाऊबीज अजून व्हायची आहे. वेळ गेलेली नाही.